माळ, काळी आणि पांढरी : बारामती–इंदापूर परिसरातील भूमीची स्थित्यंतरे

मराठी मुलखातील जुन्या गावगाड्याने जमिनीचे दोन भाग मानले होते. जिथे माणसांची वस्ती ती पांढरी आणि जिथे पीक उभे राहते ती काळी. गावची पंचायत बसे ती पांढरीत, आणि सारा भरला जाई तो काळीच्या बळावर. परंतु बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांचा पूर्वेतिहास पाहू गेल्यास या दोहोंखेरीज तिसऱ्या एका भूमीचाही विचार करावा लागतो. ती भूमी म्हणजे माळ. तिच्यावर नांगर क्वचित फिरे, घर तर कोणीच बांधत नसे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत याच माळाची आधी काळी झाली आणि आता आपल्या डोळ्यांदेखत पांढरी होत आहे. बारामतीच्या भिगवण रस्त्यावर आज जिथे सदनिकांच्या इमारती, बंगल्यांच्या रांगा, महाविद्यालये व रुग्णालये दिसतात, तिथे पन्नास वर्षांपूर्वी कुसळाचे गवत वाऱ्यावर हलत होते, हे नव्या पिढीस सांगूनही खरे वाटत नाही. हे परिवर्तन कसे घडले आणि त्यात कोणाच्या वाट्यास काय आले, याची नोंद सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने होणे उचित ठरेल.

या प्रदेशाच्या उत्तरेस भीमा व दक्षिणेस नीरा वाहते आणि इंदापूर तालुक्याच्या टोकाशी नीरा-नरसिंहपूर येथे दोघींचा संगम होतो. नद्यांच्या काठी काळीभोर, खोल जमीन. दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर मात्र वीतभर मातीखाली लगेच मुरूम लागतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने येथे पाऊस वर्षाकाठी सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही बेभरवशाचा. अशा भूमीत ज्वारी-बाजरी साधली तर साधली. पण पवन्या, मारवेल, कुसळ ही गवते मात्र हमखास येतात. अधूनमधून बोर, बाभूळ, हिवर. निसर्गाने ही भूमी चराईसाठीच निर्माण केली होती, असे म्हणण्यास हरकत नाही. धनगरांच्या दख्खनी मेंढ्या पावसाळ्यात येथे चरत आणि दिवाळीनंतर त्यांचे वाडे कोकणच्या वाटेला लागत. वाटेतील शेतकरी मेंढ्या शेतात बसवून घेत व मोबदल्यात धान्य देत. या व्यवहाराची कोठे कागदोपत्री नोंद नव्हती, आणि हीच गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

मेंढ्यांइतकेच येथील घोडेही प्रसिद्ध होते. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या काठचा मुलूख तो भीमथडी. येथील तट्टू अंगाने लहान, परंतु काटक. गवत-कडब्यावर राहणारे आणि दिवसभर मजल मारून न थकणारे. मराठी फौजांची सगळी चपळाई अशाच तट्टांवर उभी होती. राज्य शासनाने २०२३ मध्ये स्वीकारलेल्या राज्यगीतातही भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख येतो. आजच्या बारामती तालुक्यातील सुपे हे त्या काळचे महत्त्वाचे ठाणे. शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याबरोबर सुपे व इंदापूर हे परगणे होते. सुप्यास संभाजी मोहिते यांचा अंमल असता, शिमग्याचे पोस्त मागण्याच्या निमित्ताने शिवाजी महाराज तेथे गेले व त्यांना ताब्यात घेऊन ठाणे आपल्याकडे केले, अशी हकीकत सभासद बखरीत येते. तेथे मोहित्यांच्या पागेतील तीनशे घोड्यांचीही नोंद आहे. तीनशे घोड्यांच्या पागेला किती गवत लागत असेल याचा हिशेब केला, म्हणजे ठाण्याभोवतीच्या कुरणांचे मोल ध्यानात येते. त्या काळी कुरण राखणे हे पीक राखण्याइतकेच राज्यकर्तव्य होते.

१८१८ मध्ये पेशवाई संपली, फौजा मोडल्या आणि घोड्यांची मागणी ओसरली. पागा गेल्या, कुरणांचा धनी गेला. भीमथडीचे तट्टू धनगरांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहू लागले. नव्या सरकारला घोड्यापेक्षा साऱ्याची अधिक गरज होती.

या साऱ्यासाठी जो प्रयोग झाला त्याची भूमी इंदापूर तालुका होय. आपल्यापैकी अनेकांना ही गोष्ट ठाऊक नसते. प्रथम पुणे जिल्ह्यात प्रिंगल या अधिकाऱ्याने मोजणी करून १८३० च्या सुमारास सारा ठरविला. त्याचे गणित पुस्तकी होते. सारा इतका जड झाला की, शेतकऱ्यांनी जमिनी सोडून दिल्या आणि पिकाखालची राने पुन्हा माळासारखी ओसाड पडली. तेव्हा १८३५ मध्ये गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट या दोघांनी इंदापुरात नव्याने काम हाती घेतले. प्रत्येक शेताची स्वतंत्र मोजणी, हद्दीच्या खुणा, मातीची प्रतवारी आणि ३० वर्षांसाठी कायम केलेला हलका सारा, असे त्याचे स्वरूप होते. एका बैलजोडीला वाहता येईल एवढ्या क्षेत्राचा एक सर्व्हे नंबर धरावा, असा दंडक ठेवण्यात आला. इंदापुरातील हा प्रयोग यशस्वी ठरला आणि हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र, तसेच वऱ्हाडात व म्हैसुरातही गेली. सातबाराच्या उताऱ्यावर आज जो क्रमांक दिसतो, त्याच्या वंशावळीचा शोध घेत गेल्यास आपण इंदापूरच्या शिवारात येऊन पोहोचतो.

मोजणीची साखळी ३३ फुटांची असे व तिचे १६ आणे पाडलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद असा चौकोन म्हणजे एक गुंठा, अर्थात १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. माळ मोजण्यासाठी घडविलेल्या या साखळीच्या एका चौकोनातच आज बारामतीतील मध्यमवर्गीय कुटुंब घर बांधते, दारात तुळस लावते आणि गाडी उभी करते. ‘आमचा दोन गुंठ्यांचा प्लॉट आहे’ असे सांगणाऱ्या गृहस्थास आपण विंगेटच्या साखळीची भाषा बोलत आहोत याची कल्पना नसते.

मोजणीचा एक परिणाम असा झाला की, शेत हे विकता व गहाण टाकता येणारी मिळकत बनले. पूर्वी सावकार पिकावर पैसा देई. आता तो जमिनीवर देऊ लागला. येथून पुढचा भाग आपल्या समाजाच्या दृष्टीने नाजूक आहे. स्मरणिकांमधून तो बहुधा वगळला जातो. परंतु इतिहास लिहावयाचा तर त्यास टाळता येत नाही.

गुजरात व मारवाड येथून व्यापारासाठी आलेली अनेक कुटुंबे एकोणिसाव्या शतकात या तालुक्यांच्या बाजारपेठांत स्थिरावली होती. त्यांत जैन कुटुंबांची संख्या लक्षणीय होती. किराणा, कापड, धान्य आणि त्याच्या जोडीला देवघेव, असा व्यवसाय. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले, कर्ज सुलभ झाले. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यातच इंदापूरची ३० वर्षांची मुदत संपून १८६७ मध्ये सारा वाढविण्यात आला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. कुळाच्या रक्षणासाठी केलेला हा नियम उलटाच फळला. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला. निरक्षर कुळाने अंगठा उठवावा आणि न्यायालयाने कागद प्रमाण मानावा, असा क्रम सुरू झाला.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारच्या दिवशी भोवतालच्या खेड्यांतील शेतकरी जमले व त्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. तेथून हा वणवा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात ज्यांची नोंद आहे त्यांचा आरंभ आपल्या तालुक्यात झाला. या दंग्यांत लुटीपेक्षा रोखे व चोपड्या हस्तगत करून जाळण्यावर भर होता, आणि जिवास धोका पोहोचल्याचे प्रसंग तुलनेने थोडे होते. हल्ल्याचा रोख मुख्यतः मारवाडी व गुजर सावकारांवर होता. स्थानिक सावकार बहुतेक ठिकाणी वगळले गेले. परका म्हणून झालेला हा भेद त्या कुटुंबांच्या जिव्हारी लागला असणार. पण जाळले गेले ते कागद होते, हीही गोष्ट तितकीच बोलकी आहे. कोणाचे रान कोणाच्या नावे लागले हे सांगणारे ते कागद होते. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. न्यायालयास रोख्यामागचा हिशेब तपासण्याचा अधिकार मिळाला. पुढे या पेठांतील अनेक घराण्यांनी देवघेवीऐवजी आडत, कापड व उद्योग यांत लक्ष घातले. व्यापाराच्या संधी बदलल्या हे त्याचे एक कारण. पण १८७५ चा धडा त्यात अजिबात नव्हता असे मानणे भाबडेपणाचे होईल.

दंग्यांपाठोपाठ १८७६–७८ चा भीषण दुष्काळ आला. दुष्काळग्रस्त दख्खनला पाणी देण्याच्या धोरणातून नीरेचा डावा कालवा साकारला. भाटघर येथे धरण, वीर येथे बंधारा आणि तेथून पुरंदर, भीमथडी व इंदापूर तालुक्यांतून जाणारा पाट. १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागले. आरंभी शेतकरी या पाण्यास बिचकत. पाऊस पडला तर पाणीपट्टी कशाला भरावयाची, असा त्यांचा सरळ हिशेब होता. उसाची खरी लागवड सुरू केली ती सासवडहून आलेल्या माळी बागाइतदारांनी. खंडाने जमिनी घेऊन, खत-पाणी घालून त्यांनी गुऱ्हाळे चालविली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी विश्वेश्वरय्या यांनी पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत आणली. बारामतीची गुळाची पेठ याच काळात नावारूपास आली आणि १९१४ मध्ये दौंडहून बारामतीस अरुंद मापाची आगगाडी सुरू झाली. आडत्यांच्या गाद्या, गुळाच्या ढेपा, बैलगाड्यांच्या रांगा या साऱ्यांतून करणार व विकत घेणार यांच्यात नवे, दंग्यांची आठवण मागे टाकणारे संबंध जुळले.

पाण्याने सगळेच भले केले असे नाही. निचरा नसलेल्या खोल जमिनींत पाणी साचून क्षार वर आले. डॉ. हॅरॉल्ड मान व तम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला, इतका हा प्रश्न त्या वेळीच गंभीर झाला होता. चोपण झालेली रानेही या कालव्याचीच देणगी होय. दुसरे असे की, कालव्याने तालुक्याचे दोन तुकडे पाडले. पाटाच्या खालचा, नीरेकडचा भाग बागाईत झाला. पाटाच्या वरचा भाग जिरायत आणि माळ राहिला. ही रेघ पुढे लक्षात ठेवावी लागेल, कारण नव्या बारामतीची उपनगरे कोठे वसावीत याचे उत्तर बऱ्याच अंशी याच रेघेने दिले.

माळाची काळी होण्याचा हा क्रम चालू असतानाच इंदापूर तालुक्यात एक वेगळीच घटना घडली. तेथे माळावर थेट नगर उभे राहिले. त्याचे निर्माते शेठ वालचंद हिराचंद दोशी. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या वालचंदांनी रेल्वेच्या कंत्राटांपासून प्रारंभ केला. १९१९ मध्ये त्यांनी सिंदिया कंपनीच्या ‘लॉयल्टी’ या जहाजाद्वारे इंग्रजांच्या जहाजधंद्यास आव्हान दिले. पुढे विमान, जहाजबांधणी व मोटार या तिन्ही उद्योगांचा पाया घातला. हे सर्व सुविदित आहे. परंतु त्यांच्या कर्तृत्वाचे जे रूप आपल्या दाराशी आहे ते म्हणजे वालचंदनगर. नीरेच्या काठी कळंब या गावाच्या परिसरात मार्सलँड प्राइस या कंपनीच्या वतीने त्यांनी विस्तीर्ण क्षेत्र मिळविले. १९३२ मध्ये साखर उद्योगास जकातीचे संरक्षण मिळाले आणि त्याच दशकात येथे साखर कारखाना सुरू झाला.

कारखान्यासाठी हजारो एकरांचा सलग ऊसमळा लागतो आणि मळ्यासाठी शेकडो माणसे लागतात. माणसांना घरे लागतात. त्यामुळे येथे गावापासून नगर झाले नाही. नगर आखूनच वसविले गेले. कामगारांच्या चाळी, अधिकाऱ्यांचे बंगले, बाजारपेठ, दवाखाना, शाळा अशी सारी मांडणी एका आराखड्यातून झाली. वर्धमान विद्यालयाच्या नावातून संस्थापकांची श्रद्धा दिसते. वर्गात मात्र पंचक्रोशीतील सर्व जातिधर्मांची मुले बसली. देशोदेशीच्या साखर कारखान्यांना लागणारी यंत्रे पुढे येथे बनू लागली, आणि १९७० च्या दशकापासून अवकाश संशोधनासाठी लागणारे सुटे भागही. ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपकाच्या पहिल्या टप्प्याची आवरणे जिथे घडली ती जागा शंभर वर्षांपूर्वी मेंढ्यांची होती! तालुक्याच्या इतिहासात याहून मोठी उडी दुसरी नाही.

या उजळ चित्राची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. राज्यातील खासगी साखर कारखान्यांच्या मळ्यांतील पुष्कळशी जमीन खरेदीची नव्हती. ती शेतकऱ्यांकडून दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतलेली होती. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याखाली शासनाने हे मळे ताब्यात घेतले आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे सोपविले. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर, रत्नपुरी परिसराचाही त्यात समावेश होता. कायदा जमीनदाराकडून काढून घेण्यासाठी होता. परंतु ज्याने आपले चार एकर कारखान्यास खंडाने दिले होते, तोही त्यात सापडला. जमीन त्याची, नाव सरकारचे. या खंडकरी शेतकऱ्यांचा लढा दोन पिढ्या चालला. प्रत्यक्ष जमीनवाटपास २०१२ नंतर वेग आला, तेव्हा मूळ खंड लिहून देणाऱ्यांपैकी कितीतरी जण हयात नव्हते आणि वारसांची संख्या एवढी झाली होती की, पदरी आलेली जमीन गुंठ्यांतच मोजावी लागली. त्यातील कित्येक गुंठे आता घरांखाली जात आहेत.

स्वातंत्र्यानंतर सहकाराचे युग आले. १९५० च्या दशकात माळेगाव व भवानीनगर, पाठोपाठ सोमेश्वरनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. जिथे कारखाना, तिथे ‘नगर’ हे समीकरण रूढ झाले. १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाले व इंदापूर तालुक्यातील भीमाकाठची सुपीक गावे यशवंतसागर जलाशयाखाली गेली. जुन्या पळसदेवचे मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की आजही वर डोकावते. विस्थापितांची नवी गावठाणे आखली गेली ती बहुधा उंच जागी, म्हणजे पुन्हा माळावरच. पांढरी बुडाली आणि माळ पांढरी झाला.

बारामती शहराची वाढ मात्र संथ व टप्प्याटप्प्याने झाली. नगरपालिका १८६५ ची. तथापि कऱ्हेच्या काठी, बाबूजी नाईकांच्या वाड्याभोवती आणि मोरोपंतांच्या वास्तव्याने पावन झालेल्या जुन्या वस्तीतच शहराचा जीव दीर्घकाळ एकवटलेला होता. या वस्तीबाहेर पाऊल टाकण्याचे धाडस प्रथम केले ते शिक्षणसंस्थांनी. १९६२ मध्ये अनेकान्त एज्युकेशन सोसायटीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले. ज्या पेठेतील पैसा एके काळी रोख्यांत गुंतत असे, त्याच पेठेतील दानातून शेतकऱ्यांची मुले पदवीधर झाली. या घटनेचे मोल आकड्यांत सांगता येणारे नाही. १९७१ मध्ये कृषी विकास प्रतिष्ठान व १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान या संस्था निघाल्या. विद्यार्थी आले, त्यांच्यासाठी खोल्या आल्या, प्राध्यापकांच्या सोसायट्या आल्या.

खरा पालट झाला तो औद्योगिक वसाहतीने. बागाईत जमिनीस हात लावणे परवडणारे नव्हते; म्हणून पाटाच्या वरचा, भिगवण रस्त्याकडचा माळ उद्योगांसाठी निवडला गेला. १९९० च्या दशकात दूधप्रक्रिया, वाहननिर्मिती असे कारखाने आले. कटफळ-गोजुबावीच्या बाजूस धावपट्टी झाली. २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रुई, जळोची, तांदूळवाडी ही शिवेबाहेरची खेडी शहराची उपनगरे बनली आणि कालांतराने नगरपरिषदेच्या हद्दीत आली. जनगणनेचे आकडे या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखे आहेत. बारामती नगरपरिषद क्षेत्राची लोकसंख्या २००१ मध्ये ५१,३४२ होती. २०११ मध्ये ती ५४,४१५ भरली. दहा वर्षांत अवघी तीन हजारांची वाढ! शहर थांबले होते असा याचा अर्थ कोणीही बारामतीकर करणार नाही. शहर वाढतच होते. पण ते हद्दीबाहेरच्या माळावर वाढत होते आणि गणनेत तो माळ अद्याप ग्रामीण होता.

माळाचा प्लॉट होण्याची रीत आता सर्वांच्या परिचयाची आहे. मूळ सर्व्हे नंबरचे एकत्रीकरण योजनेत गट झाले. गटाचे भावाभावांत हिस्से पडले. मग कोणी रस्ते आखून, दगड रोवून तुकडे पाडले. १९६६ च्या जमीन महसूल संहितेनुसार बिगरशेती परवानगी घेऊन रीतसर झालेले अभिन्यास एकीकडे, आणि मुद्रांकावर लिहून घेतलेले गुंठे दुसरीकडे. १९४७ चा तुकडेबंदी कायदा असूनही गुंठ्यांचे व्यवहार थांबले नाहीत. शासनास २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला. आयुष्याची पुंजी घालून घर बांधावे आणि सातबारावर नाव मात्र लागू नये, ही व्यथा या परिसरातील अनेक कुटुंबांनी भोगली आहे. कारखान्यातील कामगार, सेवानिवृत्त शिक्षक, ऊसतोडणी सोडून आलेले मजूर, सारेच त्यात आहेत. दीडशे वर्षांपूर्वी कागद वाचता न आल्याने कुळाचे रान गेले. येथे कागद वाचता येऊनही माणूस अडकला.

आणि मेंढ्यांचे काय झाले? त्यांचा हक्क कधी कोणत्याच उताऱ्यावर चढला नव्हता. गावाच्या नावे राखलेले गायरान तेवढे कागदावर होते. तेही शाळा, वीज उपकेंद्र, पाण्याची टाकी आणि अतिक्रमणे यांनी आकसत गेले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये सामाईक जमिनींवरील अतिक्रमणांविषयी कडक निर्णय दिला व त्याच वर्षी राज्य शासनाने गायरान अन्य कारणासाठी देण्यावर निर्बंध आणले. तोवर पुष्कळ उशीर झाला होता. १९७२ च्या दुष्काळात जनावरे जगविण्यासाठी धावपळ करणाऱ्या पिढीस विचारले, तर गवताच्या एका पेंढीचे मोल ती सांगू शकेल. जीवदयेसाठी देणगी देणारा हात आपल्या समाजात कधी आखडला नाही. परंतु देणगीने कडबा विकत घेता येतो, चरण्याची जागा विकत मिळत नाही.

काही तुकडे उरले आहेत. ज्या सुप्यात मोहित्यांची पागा होती आणि जिथे रोखे जळाले, त्याच सुप्याजवळ १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र अवघे पाच चौरस किलोमीटरच्या आसपास. पण तेथे चिंकारा मोकळा धावतो. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी व बारामती तालुक्यातील शिर्सुफळच्या गवताळ भागात वनविभागाने अलीकडे पर्यटकांसाठी फेरी सुरू केली आहे. लांडगा, खोकड, चिंकारा पाहण्यास पुण्याहून माणसे पैसे भरून येतात. ‘पडीक’ म्हणून ज्याची नोंद झाली, तो माळ पाहण्यासाठी आता आगाऊ नोंदणी करावी लागते.

आषाढात तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीस येते. तेथे परीटबांधव धोतरांच्या पायघड्या घालतात आणि धनगर आपल्या मेंढ्या घेऊन येतात. पालखीरथाभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे सणसरचा मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी बेलवाडीच्या मैदानात अश्वांचे गोल रिंगण. भीमथडीच्या भूमीत मेंढी आणि घोडा या दोन्ही जीवांना मानाने मोकळी जागा मिळते ती अशी, वर्षातून एकदा. रिंगण संपते, पालखी पुढे जाते, गर्दी पांगते. मेंढपाळ हाका घालीत कळप गोळा करतो, नव्याने रुंद झालेल्या पालखी मार्गाच्या कडेने नेतो आणि कुठल्या प्लॉटचे कुंपण अजून पडायचे राहिले आहे ते पाहत चालू लागतो.